हृदयरोगतज्ज्ञ तालुक्यात घडला पाहिजे

बारावीनंतर एमबीबीएसची साडेपाच वर्षं, मग एमडीची तीन, त्यानंतर डीएम या अतिविशेष पदवीची आणखी तीन. मधल्या प्रवेश परीक्षांच्या तयारीत गेलेली वर्षं धरली नाहीत, तरी हृदयरोगतज्ज्ञ तयार व्हायला साडेअकरा वर्षं लागतात. एवढ्या काळात तो मनगटातल्या धमनीतून हृदयापर्यंत तार न्यायला शिकतो, बंद पडलेली वाहिनी फुग्याने उघडून तिथे स्टेंट बसवायला शिकतो, इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहून कोणती झडप किती गळते ते सांगायला शिकतो. ही विद्या सोपी नाही आणि तिच्यावर झालेला खर्चही वाया जात नाही. पण स्टेंट घालून घरी पाठवलेला माणूस सहा महिन्यांनी कसा आहे, गोळ्या घेतो की सोडून बसला आहे, हे त्याच्या घरी किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन पाहायची वेळ या शिक्षणात कुठेच येत नाही.

खालच्या पायऱ्यांवर ती येते. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना आता गावातली कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करावा लागतो. इंटर्नशिपमध्ये ग्रामीण केंद्रात काम असतं. एमडी-एमएस करणाऱ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात राहून काम करण्याचा नियम २०२० साली आला. डीएमला मात्र हा नियम लागू नाही. म्हणजे डॉक्टर जसजसा मोठा होतो तसतसा गावापासून लांब जातो, आणि आपण ही गोष्ट स्वाभाविक मानून बसलो आहोत. माझं म्हणणं असं आहे की राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तालुक्यातलं काम डीएमच्या शिक्षणाचा सक्तीचा भाग करावं. तोपर्यंत वाट न पाहता गोवा सरकारने आपल्या सेवेतल्या प्रत्येक हृदयरोगतज्ज्ञाच्या नेमणुकीतच ते घालावं.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो. गोवा केवढा? ३,७०२ चौरस किलोमीटर. कुठूनही निघा, दीड-दोन तासांत बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या (गोमेकॉच्या) रुग्णालयात पोचता. मग तज्ज्ञाने वाळपईला किंवा काणकोणला कशाला जायचं?

काणकोणहून बांबोळी सुमारे सत्तर किलोमीटर आहे. गाडी असलेल्याला ते अंतर काहीच नाही. पण सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावरून पासष्टीच्या बाईला बांबोळीच्या ओपीडीत आणायचं, तर पहाटे निघून बस पकडावी लागते, ती बदलावी लागते, केसपेपरची रांग, ईसीजीची रांग, मग डॉक्टरांची रांग. सोबत मुलगा आला तर त्याची रोजी बुडते. आणि मुलगा असतोच असं नाही. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या लोकांच्या प्रमाणात केरळच्या खालोखाल गोव्याचा नंबर होता, ११ टक्क्यांहून थोडा जास्त. ज्यांची मुलं बोटीवर, आखातात किंवा लंडनला आहेत आणि घरी दोघंच म्हातारी आहेत, अशी घरं प्रत्येक गावात आहेत. या माणसांसाठी बांबोळी किती किलोमीटरवर आहे हा प्रश्नच नसतो. सोबत कोण येणार, हा असतो.

ओपीडीच्या बाकांवर बसून जे दिसतं ते आत डॉक्टरांच्या टेबलावर दिसत नाही. हार्टफेलच्या, म्हणजे हृदय दुबळं झालेल्या रुग्णांना अंगातलं पाणी उतरवायची गोळी असते. ती घेतली की तासा-दोन तासांत दहादा लघवीला जावं लागतं. बसमध्ये ते शक्य नसतं, स्टँडवरचं शौचालय बायकांना नकोसं वाटतं, म्हणून तपासणीला यायच्या दिवशी ती गोळी हमखास चुकते. वजन वाढलेलं, पाय सुजलेले पाहून डॉक्टर गोळीचा डोस वाढवून देतात. डॉक्टर चूक करत नाहीत, रुग्णही खोटं बोलत नाही. ती गोळी सकाळी घेतली नाही एवढं बोलायला त्या चार मिनिटांत जागा नसते. हाच रुग्ण साखळीच्या किंवा पेडण्याच्या केंद्रात, घरापासून दहा मिनिटांवर तपासला गेला असता, तर गोळी घेऊनच आला असता.

गोव्याने या बाबतीत काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. छातीत कळ आलेला माणूस जवळच्या सरकारी केंद्रात गेला, की तिथे ईसीजी काढायचा, तो लगेच तज्ज्ञाकडे पाठवायचा, मोठा झटका असल्याचं कळलं की रक्ताची गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन तिथेच मोफत द्यायचं आणि मग एकशे आठच्या रुग्णवाहिकेतून गोमेकॉला हलवायचं, ही स्टेमी योजना गोव्यात उभी राहिली आहे. तिच्यामागचं शास्त्र पक्कं आहे. वाहिनी बंद पडल्यापासून हृदयाचा स्नायू मरत जातो. पहिल्या दोन-तीन तासांत दिलेलं इंजेक्शन जेवढं काम करतं, तेवढं पुढे करत नाही आणि बारा तासांनंतर त्याचा फारसा उपयोग उरत नाही. इथे तज्ज्ञाचं ज्ञान तालुक्यात पोचलं, आणि त्यासाठी तज्ज्ञाला जागचं हलावं लागलं नाही. एका छोट्या राज्याने करून दाखवलेलं हे काम अभिमान वाटावा असं आहे.

पण ही योजना सुरू होते रुग्ण केंद्राच्या दारात आल्यावर, आणि संपते तो गोमेकॉत पोचल्यावर. त्याच्या आधीचे तास आणि त्यानंतरची वर्षं मोकळीच राहतात. आधीच्या तासांत काय होतं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ‘गॅस जाला’ म्हणून सोडा पितात, ओव्याचं पाणी घेतात, पाठीला बाम लावतात. बायकांच्या बाबतीत तर छातीत कळ येण्याऐवजी धाप, मळमळ, जबड्यात दुखणं, नुसता थकवा अशी लक्षणं पुष्कळदा असतात. त्यांना घरातले लोक आणि त्या स्वतः आणखी उशिरा ओळखतात. हा उशीर कोणतंही यंत्र भरून काढू शकत नाही. तिथे गावात तोंडओळख असलेला डॉक्टर लागतो. त्याचं बोलणं लोकांच्या कानावर याआधी पडलेलं असावं लागतं.

नंतरच्या वर्षांबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण माझ्या मते खरी गळती तिथे आहे. झटक्यानंतर स्टेंट घातलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर घ्याव्या लागतात. मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन तो बंद पडू शकतो, आणि हा दुसरा झटका पुष्कळदा पहिल्याहून घातक ठरतो. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेतून तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. ती योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन होणाऱ्या उपचारांची. स्टेंटच्या किमतींवर केंद्राने २०१७ साली मर्यादा घातली, तेव्हा हजारो घरांचा भार हलका झाला. पण सातव्या महिन्यात ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी बंद करणाऱ्या माणसाला अडवणारी योजना कुठली? दात काढायचा म्हणून कुणीतरी सांगितलं आणि दोन्ही गोळ्या थांबवल्या, ही गोष्ट मी एकाहून अधिक घरांत ऐकली आहे. त्या वेळी विचारायला जवळपास कुणी नव्हतं.

धातूची झडप बसवलेल्या रुग्णाचं तर आयुष्यच या धाग्यावर चालतं. त्याला असिट्रॉम किंवा वॉरफरिन जन्मभर घ्यावी लागते आणि रक्त किती पातळ आहे ते आयएनआर नावाच्या तपासणीने पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. मायट्रल झडपेच्या जागी धातूची झडप असेल तर हा आकडा साधारण २.५ ते ३.५ च्या मध्ये राहायला हवा. खाली गेला तर झडपेवर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. आता गोव्यातला श्रावण आठवा. मासे बंद, आणि ताटात तायकिळा, तेरं, तांबडी भाजी, पावसात उगवणारी नाना तऱ्हेची पालेभाजी. हिरव्या पालेभाजीतलं व्हिटॅमिन के या गोळीच्या उलट काम करतं. आषाढात ठीक असलेला आकडा श्रावणात खाली घसरू शकतो. पुस्तकातला सल्ला सोपा आहे: पालेभाजी एकदम बंद करू नका, एकदम वाढवूही नका, वर्षभर साधारण सारखी खा. पण तो सल्ला श्रावण पाळणाऱ्या घरात अमलात कसा आणायचा, त्या महिन्यात तपासणी लवकर बोलवायची का, डोस कसा बसवायचा, हे ज्याला या घरातलं ताट माहीत आहे त्यालाच सुचेल. उत्तरेतल्या मोठ्या संस्थेतून डीएम होऊन आलेल्या हुशार डॉक्टरला ते कुणी शिकवलेलं नसतं. तो ‘पालेभाजी टाळा’ म्हणून मोकळा होतो, रुग्ण घाबरून महिनाभर ती सोडतो आणि मग गणपतीच्या दिवसांत मनसोक्त खातो.

मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणून सांगते. आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून मे महिन्यातच पुरुमेंताची बेगमी होते: सुकी सुंगटं, बांगडे, खारवलेलं मासळीचं लोणचं, मिठात घातलेल्या कैऱ्या. सकाळच्या पेजेबरोबर खारं असतंच. डॉक्टर विचारतात, ‘जेवणात मीठ कमी केलं का?’ बाई खरंच सांगते, ‘हय, आमटीत अगदी कमी घालते.’ पेजेबरोबरच्या बांगड्याच्या तुकड्याचा विषयच निघत नाही, कारण विचारणाऱ्याला तो माहीत नाही आणि सांगणारीच्या दृष्टीने ते मीठ नव्हे. जुलै-ऑगस्टमध्ये धाप लागून दाखल होणाऱ्या हार्टफेलच्या रुग्णाला हा एक प्रश्न विचारून पाहावा. काणकोणात मूत्रपिंडाच्या आजाराचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजतो आहे. अँजिओग्राफीसाठी टोचलं जाणारं औषध दुबळ्या मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं. त्या तालुक्यातला रुग्ण समोर आला की हात आपोआप मूत्रपिंड कसं चालतं ते सांगणाऱ्या क्रिएटिनिनच्या रिपोर्टकडे जायला हवा. या सगळ्याला मी समाजसेवा म्हणत नाही. हे वैद्यकीय ज्ञानच आहे, फक्त ते अँजिओग्राफी होते त्या कॅथलॅबमध्ये मिळत नाही.

आपल्याकडे समाजाशी बांधिलकी असलेला डॉक्टर म्हटलं की एखादा भला माणूस डोळ्यांसमोर येतो. फी न घेणारा, रविवारी गावी जाऊन तपासणारा. असे डॉक्टर गोव्यात आहेत आणि त्यांचे उपकार मोठे आहेत. पण चौदा-पंधरा लाख लोकांची व्यवस्था काही जणांच्या चांगुलपणावर उभी राहत नाही. तो डॉक्टर निवृत्त झाला, त्याची बदली झाली, तो स्वतः आजारी पडला, की त्याचे रुग्ण पुन्हा उघड्यावर येतात. मोफत शिबिरांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. पंचायतीच्या सभागृहात एका सकाळी दोनशे लोकांचं प्रेशर आणि ईसीजी तपासलं, ज्यांचं वाढलेलं निघालं त्यांच्या हातात चिठ्ठी दिली, आणि पुढे कुणी विचारलं नाही, तर त्या लोकांचं भलं झालेलं नाही. प्रेशर हा जन्मभर सांभाळायचा आजार आहे. एका सकाळीने त्याला काहीच होत नाही. शिबिरांवर जाणारा वेळ आणि पैसा ठरलेल्या केंद्रातल्या ठरलेल्या दिवसाच्या ओपीडीला द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. साडेअकरा वर्षं शिकलेल्या माणसाला वाळपईत प्रेशर मोजायला बसवणं ही उधळपट्टी नव्हे का? तेवढ्या वेळात तो बांबोळीत चार वाहिन्या उघडेल. खरं आहे, त्याने प्रेशर मोजत बसू नयेच. ते काम नर्स करू शकते, आणि चांगलं करू शकते. कोलंबिया आणि मलेशियातल्या तीस वस्त्यांमध्ये झालेला होप-४ नावाचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी ठरलेल्या पद्धतीने लोकांना तपासलं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रेशरची आणि कोलेस्टेरॉलची औषधं मोफत दिली, आणि घरातल्याच किंवा शेजारच्या एकाला गोळ्यांची आठवण ठेवायला जोडून दिलं. नेहमीच्या पद्धतीच्या मानाने या लोकांचा हृदयविकाराचा अंदाजित धोका बराच जास्त घटला. आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गातही सरकारी केंद्रांतून एकच सोपा औषधक्रम आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवून उच्च रक्तदाबावर काम झालं आहे. त्या जिल्ह्यातले कितीतरी रुग्ण पुढच्या उपचारांसाठी गोमेकॉतच येतात. कामाची पद्धत सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यापलीकडून अलीकडे यायला काय हरकत आहे?

मग तज्ज्ञाचं काम काय? तो औषधक्रम ठरवणं, कठीण रुग्ण स्वतः पाहणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि नर्सना शिकवणं. ईसीजी दूरवर वाचून घेता येतो. पण ‘हा ईसीजी साधा दिसतो तरी या माणसाला घरी पाठवू नका’ हे शहाणपण शेजारी बसून, रुग्ण समोर ठेवूनच शिकवता येतं. बावन्न देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाने दाखवलं की तंबाखू, प्रेशर, शुगर, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, आहार, व्यायाम, दारू आणि मनावरचा ताण या नऊ गोष्टींमध्ये पहिल्या झटक्याच्या धोक्याचा नव्वद टक्के भाग येतो. दक्षिण आशियातल्या लोकांना तो झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, हेही त्यातच दिसलं. ज्या रोगाचा एवढा मोठा भाग घरात आणि बाजारात घडतो, त्याच्या तज्ज्ञाने घर आणि बाजार पाहिलेला नसावा, हे मला पटत नाही. फिनलंडमधल्या नॉर्थ करेलिया प्रांतात १९७२ साली जे काम सुरू झालं, त्याचं नेतृत्व पेक्का पुस्का नावाच्या सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरने केलं. लोणी, मीठ, सिगारेट यांच्याविरुद्ध त्याने गावातल्या बायकांच्या मंडळांना बरोबर घेतलं. पुढच्या चाळीस वर्षांत तिथल्या कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून जास्त घटले.

आणि हे आपल्याला नवीन आहे असंही नाही. सत्तरी तालुक्यात माकडताप आला तेव्हा आरोग्य कर्मचारी काजूच्या बागांपर्यंत गेले, कारण रोग तिथे होता. प्रेशर तर प्रत्येक वाड्यावर आहे. पण त्याची साथ आल्यासारखी बातमी होत नाही, म्हणून त्याच्यामागे कुणी धावत नाही.

सक्तीबद्दल डॉक्टरांची नाराजी मी समजू शकतो. पदवीनंतर ठरावीक काळ सरकारी सेवा करायला लावणाऱ्या बॉण्डचा अनुभव चांगला नाही. औषधं नसलेल्या, यंत्रं बंद असलेल्या केंद्रात तरुण डॉक्टरला टाकायचं आणि वर्ष संपायची वाट पाहायला लावायची, याला शिक्षा म्हणतात. म्हणूनच मी पदवीनंतरच्या बॉण्डबद्दल बोलत नाही, शिक्षणाबद्दल बोलतो. बोटाच्या थेंबावर आयएनआर सांगणारं छोटं यंत्र, चालू स्थितीतलं इको, आणि लिहून दिलेली गोळी त्याच दिवशी त्याच खिडकीवर मिळेल याची खात्री, एवढं केंद्रात असेल तरच तज्ज्ञाला तिथे पाठवायचा सरकारला हक्क आहे. ते नसताना पाठवलं तर रुग्णाचाही विश्वास जाईल.

गोव्यात वैद्यकीय शिक्षण १८४२ पासून आहे. पोर्तुगीज काळात इथे शिकलेले कितीतरी डॉक्टर आफ्रिकेतल्या वसाहतींत नोकरीला गेले. साम्राज्याला जिथे माणसं हवी होती, तिथे त्यांना पाठवलं गेलं. आज डॉक्टर आपल्या मर्जीने आखातात किंवा इंग्लंडला जातात आणि त्याला माझा आक्षेप नाही. पण जो इथे राहतो, सरकारी पगार घेतो, त्याची नेमणूक कोणत्या लोकांसाठी आहे, हे आता तरी आपण ठरवायला हवं.

त्याचं रूप मला असं दिसतं. डीएमच्या दुसऱ्या वर्षात तीन महिने एकाच सामाजिक आरोग्य केंद्रात. म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा रुग्णालयात नव्हे, तर वाळपई, काणकोण, कुडचडे, पेडणे अशा ठिकाणी. तिथले काही ठरावीक रुग्ण त्याच्या नावावर, आणि तीन महिने संपल्यावरही शिक्षण पुरं होईपर्यंत त्यांची जबाबदारी त्याचीच. शेवटच्या परीक्षेत कॅथलॅबच्या लॉगबुकाशेजारी या रुग्णांची वही ठेवली जावी, आणि परीक्षकाने विचारावं की यातल्या किती जणांचं प्रेशर १४०/९० च्या खाली आहे, किती जण स्टेंटनंतर वर्षभर गोळ्या घेत राहिले, एखाद्याने सोडल्या तर का सोडल्या. सेवेतल्या वरिष्ठांना आठवड्यातून एक दिवस तेच केंद्र, आणि बढतीच्या वेळी त्या केंद्राचेही आकडे समोर. कॅथलॅबमध्ये एक माणूस कमी पडेल, म्हणून वेळापत्रक नव्याने बसवावं लागेल आणि आणखी जागा भराव्या लागतील. तो पैसा अर्थसंकल्पात वेगळा दाखवावा आणि विधानसभेत दरवर्षी त्याचा हिशेब मागितला जावा. आमदारांनी शिबिरांच्या फलकांवर फोटो लावण्यापेक्षा आपल्या मतदारसंघातल्या केंद्रात कोणत्या वारी हृदयरोगतज्ज्ञ बसतो, हे विचारायला सुरुवात करावी.